हरणांसाठी खनिज वीट घ्यावी का? मार्केट यार्डातल्या दुकानाचा आणि तिथल्या सामानाचा रिव्ह्यू

पुण्यात मार्केट यार्डाजवळ पशुखाद्य आणि बियाण्याचं एक जुनं दुकान आहे, तिथून गेल्या उन्हाळ्यात सुप्याकडच्या आमच्या रानासाठी बरंच सामान घेतलं होतं, आता पाऊस आणि हिवाळा दोन्ही जाऊन निकाल डोळ्यासमोर आहे म्हणून सविस्तर लिहितोय. दुकानाचं आणि कंपन्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असल्या विटा आणि असलं बी पुण्यात बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. खनिज वीट, म्हणजे जनावरांनी चाटायची मीठ-खनिजांची वीट, शेळ्यांसाठी एकदम चांगली, डोळे झाकून घ्या. हरणांसाठी म्हणून कोणी विकत असेल तर अजिबात घेऊ नका, फुकट दिली तरी नको. गवताचं बी पाकीट बघून घेऊ नका, हातावर चोळून बघून घ्या. आणि या सगळ्याच्या आधी माती तपासा, कारण इंटरनेटवर बघून रानात चुना टाकायला निघालेले लोक मी स्वतः पाहिलेत आणि आपल्या भागात तो चुना म्हणजे पैसे देऊन जमीन बिघडवणं आहे.

आता नीट सांगतो. मी राहायला हडपसरला, वडिलोपार्जित जमीन बारामती तालुक्यात सुप्याच्या अलीकडे. चौफुल्यावरून आत वळलं की जो माळ लागतो ना, मुरमाड, बोराटी आणि हिवराची झुडपं, तसलंच रान. थोडी जमीन भिजते, ती चुलत भाऊ करतो, त्याच्या आणि वहिनीच्या मिळून शेळ्या आहेत आणि उरलेला तुकडा वर्षानुवर्षं पडीक. जवळच मयूरेश्वर अभयारण्य, त्यामुळे सकाळी लवकर गेलं तर चिंकारा दिसतोच दिसतो, दोन-तीनच्या कळपात, शेपटी हलवत उभा राहतो आणि मोटरसायकलचा आवाज आला की पळतो. पुतण्याच्या डोक्यात आलं की या पडीक तुकड्यावर हरणं कायम यावीत, एखादा कॅमेरा लावावा, आणि त्याने मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून यादीच करून दिली: हरणांना ओढणारं खाद्य, मिनरल ब्लॉक म्हणजे हीच खनिज वीट, चुना, क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचं बी, ओट्सचं बी. ती यादी घेऊन मी दुकानात गेलो.

दुकानाबद्दल आधी. जागा अरुंद, पोती दारापर्यंत लावलेली, गाडी लावायची तर लांबच लावून चालत या, टेम्पोंची सतत ये-जा असते. पण माल ताजा असतो आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतात, विचारलं तर पोत्यावरचं लेबल फिरवून दाखवतात, हे मला आवडलं. खनिज मिश्रण घेताना कॅल्शियम किती, फॉस्फरस किती हे विचारलं तर बऱ्याच ठिकाणी "चांगलंय हो, सगळे हेच नेतात" एवढंच उत्तर मिळतं. इथे मालकांनी सरळ पिशवी पुढे केली, त्यावर आयएसआयचा क्रमांक आणि प्रत्येक खनिजाची टक्केवारी छापलेली होती. जनावरांच्या खनिज मिश्रणाला आयएस १६६४ हे मानक आहे, त्यात कॅल्शियम कमीत कमी २० टक्के आणि फॉस्फरस १२ टक्के असावा लागतो, ते बघूनच घ्या. फॉस्फरस हा त्यातला महाग घटक, त्यामुळे स्वस्तातल्या पिशव्यांत नेमका तोच कमी करतात आणि पांढऱ्या भुकटीचं वजन तेवढंच भरतं.

खटकलेली गोष्ट एकच पण मोठी आहे. तिथल्या कामगाराने वीट बांधून देताना सांगितलं, "काका, दोन जास्तीच्या न्या, रानात कडेला ठेवून द्या, शेळ्या पण चाटतील आणि हरणं पण येतील, फार्महाऊसवाले असंच नेतात." आणि हे तो अगदी चांगल्या मनाने सांगत होता, त्याला त्यात काही गैर आहे याची कल्पनाही नव्हती. मालक पण काही बोलले नाहीत. यासाठीच मला हा रिव्ह्यू लिहावासा वाटला.

विटेबद्दल. आम्ही घेतली ती साधी खनिज चाटण वीट, मीठ हाच मुख्य घटक, सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, लोह, तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन वगैरे. मधोमध भोक असतं, त्यातून सुतळी ओवून गोठ्यात शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगायची. जमिनीवर ठेवू नका, त्यावर लेंड्या-मूत पडतं आणि मग शेळ्या तोंड लावत नाहीत. वहिनीने गव्हाणीच्या वरच्या वाशाला टांगली. पहिले काही दिवस शेळ्या नुसत्या हुंगायच्या, मग एका गाभण शेळीने सुरुवात केली, ती एका बाजूने चाटत राहिली आणि विटेला त्या बाजूला बशीसारखा गुळगुळीत खळगा पडला, कडेला मात्र कंपनीचा शिक्का तसाच. बाकीच्या नंतर लागल्या. फरक काय पडला म्हणाल तर शेळ्या भिंतीचा पोपडा, एकमेकींचे केस आणि दाव्याची दोरी चघळायच्या, ते बंद झालं. हे चघळणं म्हणजे खनिजांची भूक, निव्वळ कडबा आणि झाडपाल्यावर असलेल्या जनावरांत हे सर्रास दिसतं. दूध वाढलं का हे मी छातीठोक सांगणार नाही, त्याच काळात हिरवा चारा पण वाढला होता.

एक लक्षात ठेवा, वीट ही पूरक आहे. चाटून किती पोटात जाईल याचा भरवसा नाही, म्हणून दुभत्या आणि गाभण जनावराला खनिज मिश्रण खुराकातून मोजून द्यावंच लागतं, शेळीला साधारण १० ते १५ ग्रॅम, मोठ्या जनावराला ५० ग्रॅमच्या आसपास, बाकी आपल्या डॉक्टरांना विचारा.

अजून दोन सावधगिऱ्या, या मला दुकानात कोणी सांगितल्या नाहीत पण सांगायला पाहिजे होत्या. आपल्याकडे धनगरांचे वाडे येतात, मेंढरं रानात बसतात. गाई-म्हशींसाठी केलेल्या खनिज विटेत तांबं भरपूर असतं आणि मेंढीला तांबं सोसत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक विषबाधा होते. मेंढी असेल तर मेंढीसाठीचीच वीट मागा. आणि दुसरं, युरिया-मळीची वीट वेगळी आणि साधी खनिज वीट वेगळी. दोन्ही दुकानात शेजारी शेजारी रचलेल्या असतात, रंगाने ओळखाल असं समजू नका, लेबल वाचा. युरियावाली वीट फक्त मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी, कोवळ्या वासरांना नाही, आणि ती उघड्यावर तर कधीच ठेवू नये. पाऊस पडला की युरिया विरघळून खाली पाणी साचतं आणि जनावराने ते पाणी पिलं तर तासाभरात पोट फुगून, थरथरत आडवं होतं.

आता हरणांकडे येतो.

अमेरिकेत हे सामान खूप चालतं हे खरं आहे. तिथे पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं, त्याच्या नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवीन येतात, ती शिंगं म्हणजे हाडच असतं, त्यामुळे काही महिन्यांत एवढं हाड तयार करायला कॅल्शियम आणि फॉस्फरस प्रचंड लागतं, इतकं की नर स्वतःच्या बरगड्यांतून ते ओढून घेतो. शिवाय वसंतात तिथल्या कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम जास्त, त्यामुळे शरीरातलं सोडियम बाहेर पडतं आणि मिठाची ओढ लागते. म्हणून मिठाच्या विटेवर हरणं येतात. तिथले लोक त्यात मक्याचा भरडा, तांदळाचा कोंडा, मळी, सफरचंदाचा वास असं काय काय मिसळून पाकिटं विकतात, आणि गिऱ्हाईक मुख्यतः शिकारी असतात, तिथे परवाना काढून शिकार करता येते.

आपला चिंकारा हा त्या अर्थाने हरीणच नाही, तो कुरंगवर्गातला. त्याची शिंगं गळत नाहीत, आयुष्यभर तीच राहतात, आत हाडाचा गाभा आणि वरून आपल्या नखासारखं आवरण, मादीला पण असतात, फक्त लहान आणि बारीक. काळवीटाचंही तसंच, शिंगं गळत नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी ते पाकीट बनवलंय ते कारणच आपल्या माळावर नाही. पाकिटावर छापलेलं "शिंगं मोठी होतात" हे इथे कोणाला उद्देशून आहे? आणि चिंकारा मुळात कोरड्या मुलखात जगायलाच बनलाय, बोराटीचा पाला, बाभळी-हिवराच्या शेंगा, गवताचे कोंब, यातूनच त्याला पाणी पण मिळतं आणि क्षार पण. त्याला विटेची गरज नाही.

बरं, गरज नाही म्हणून सोडून दिलं असतं, पण नुकसान आहे. शेळ्या दिवसा चाटणार आणि चिंकारा रात्री, म्हणजे एकाच विटेवर दोघांची लाळ. लाळ्या-खुरकूत नावातच लाळ आहे, तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या सगळ्याच जनावरांना होतो, रानातल्यांना पण. शेळ्यांचा पीपीआर हा साथीचा रोग पण तसाच. आपल्या शेळ्यांना आपण लस टोचतो, चिंकाऱ्याला कोण टोचणार? अमेरिकेतसुद्धा हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग आहे, १९६७ साली कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला, लाळ आणि मुतातून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतो, त्यामुळे तिथल्या कित्येक राज्यांनी हरणांना असं खायला घालण्यावर बंदी किंवा मर्यादा घातलीय. ज्या देशातून हे खूळ आलं तिथेच ते आवरतायत आणि आपण इकडे सुरू करणार!

मक्याचं पण तेच. रवंथ करणाऱ्या जनावराने सवय नसताना एकदम भरपूर धान्य खाल्लं की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावतं, शेळी धान्याच्या पोत्यात तोंड घालून मेलेली ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात उघड्यावर भिजलेल्या मक्याला बुरशी येते, ती तर विषच. आणि रात्रीच्या मक्यावर चिंकाऱ्याच्या आधी येतं रानडुक्कर. ते एकदा शेताला सोकावलं की शेजाऱ्यांचा भुईमूग, मका, ऊस काही शिल्लक ठेवत नाही. एका ठराविक जागी हरणं जमायला लागली की गावातली मोकाट कुत्री पण ती जागा धरून बसतात. आपल्या माळावर चिंकाऱ्याची पाडसं कुत्र्यांच्या तोंडी जातात हे गावात कुणालाही विचारा.

आणि कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे त्यात पकडणं, फासे लावणं, हाकणं याच्यासोबत आमिष दाखवणं पण धरलेलं आहे. चिंकारा पहिल्या अनुसूचीत येतो, त्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत. "मी फक्त फोटोसाठी वीट ठेवली होती" हे वनरक्षकाला पटवत बसायची वेळ कशाला आणायची? पुतण्याला हे सगळं समजावलं, तो शहाणा आहे, त्याने लगेच यादीतला पहिला आयटम स्वतःच खोडला. पण ज्या फार्महाऊसवाल्यांना तो कामगार विटा बांधून देतो त्यांना कोण सांगणार? म्हणून दुकानमालकांना मी फोन करून नीट सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पोरांना समज देतो म्हणाले. त्यांनी तसं करावं अशी मनापासून इच्छा आहे, कारण दुकान खरंच चांगलं आहे.

मग हरणं यावीत असं वाटतच असेल तर करायचं काय? तर आपला पडीक तुकडा पुन्हा गवताचा करायचा. आणि तिथे सामानाचा दुसरा भाग येतो, म्हणजे माती आणि बी.

माती तपासणी मी शिवाजीनगरच्या सरकारी प्रयोगशाळेतून करून घेतली. नमुना कसा घ्यायचा हे नीट माहीत असेल तर अर्धं काम झालं. झाडाखालची, बांधाकडेची, उकिरड्याच्या जागेची माती नको. रानात नागमोडी चालत जायचं, ठिकठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची माती वरून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्यायची. सगळी एकत्र करून गोल पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेली परत एकत्र, असं अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत सुकवायची. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजकं फावडं किंवा पत्र्याचं घमेलं वापरू नका, प्लॅस्टिकचं घ्या. रिपोर्ट मृदा आरोग्य पत्रिकेसारखा येतो, त्यात सामू (म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन असे १२ घटक असतात. सेवा म्हणाल तर खिडकीवरच्या बाई शांतपणे बोलल्या, फॉर्म भरायला मदत केली. रिपोर्टला वेळ लागला, आणि कागदावर शिफारस ऊस-गहू अशा पिकांचीच छापून येते, गवताबद्दल त्यात काहीच नसतं, ते आपलं आपण किंवा कृषी सहायकाला विचारून समजून घ्यावं लागतं. तरीही पैसे वसूल, शंभर टक्के.

का ते सांगतो. पुतण्याच्या यादीत चुना होता. अमेरिकेच्या पूर्व भागात जंगलाच्या जमिनी आम्लधर्मी असतात, सामू पाच-साडेपाच, तिथे क्लोव्हर लावायचं तर चुना टाकून सामू सहा-सातवर आणावाच लागतो, म्हणून प्रत्येक व्हिडिओत ट्रॅक्टरने पांढरी पावडर उडवताना दाखवतात. आपल्या मातीचा रिपोर्ट आला तर सामू आठच्या वर आणि मुक्त चुना भरपूर. आपली जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आणि पाऊस कमी, त्यामुळे चुना वाहून जात नाही, तिथेच साठतो. रिपोर्ट यायच्या आधी सुद्धा कळतं. रानात पांढरे चुनखडीचे खडे असतात ना, त्यातला एक घेऊन स्वयंपाकघरातलं व्हिनेगर दोन थेंब टाका, बारीक बुडबुडे येऊन फसफसतं. पुतण्याने हे अंगणात करून बघितलं, खड्यावर फेस आला आणि चुन्याचा विषय तिथेच संपला. असल्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही, पानं पिवळी पडतात, त्यात अजून चुना म्हणजे कहरच. चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली चिकट जमीन असेल तर जिप्सम लागतं, पण ते पण रिपोर्ट बघूनच.

मुळशी-वेल्हे-भोरच्या घाटाकडच्या लोकांनी मात्र माझा रिपोर्ट आपल्याला लावू नये, तिकडे पाऊस प्रचंड, तांबडी माती, सामू आम्लाकडे असू शकतो, आणि तिकडे जनावरं पण वेगळी, भेकर आणि सांबर. आपापली माती तपासा.

मशागत. इथे पण व्हिडिओ बघून मोठा ट्रॅक्टर लावून पलटी नांगर मारू नका. आमच्या माळावर माती जेमतेम वीतभर, त्याखाली मुरूम, खोल नांगरलं की मुरूम वर येतो आणि होती नव्हती ती माती खाली गाडली जाते. आम्ही नांगर लावलाच नाही, एक कुळवाची पाळी दिली, ती पण उताराला आडवी, आणि बोराटी, हिवर, जुनी गवताची ठोंबं होती ती तशीच ठेवली. भावाला आधी पटत नव्हतं, "झुडपं काढल्याशिवाय रान साफ कसं म्हणायचं" म्हणाला, पण चिंकाऱ्याला लपायला आणि खायला तीच झुडपं लागतात. शेणखत एकदम थोडं, रासायनिक खत काहीच नाही, माळाच्या गवताला खत घातलं की गवताआधी गाजर गवतच माजतं. कोणी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावा म्हणालं तर नको म्हणा, झाडांची दाटी झाली की खालचं गवत जातं आणि चिंकाऱ्याला लागणारी मोकळी नजर पण जाते.

बी. इथे दुकानाला मी पूर्ण मार्क देणार नाही. अंजन आणि मारवेल या गवतांचं बी घेतलं, सोबत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक. स्टायलो एक नंबर निघाला. त्याचं बी कडक कवचाचं असतं, गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून, सुकवून टाकलं तर उगवण चांगली होते, दुकानात हे बरोबर सांगितलं. अंजन ठीक. मारवेलच्या पाकिटात मात्र निम्म्याहून जास्त नुसती तुसं होती. गवताचं बी हलकं, केसाळ, आणि प्रत्येक तुसात दाणा असतोच असं नाही. चिमूटभर तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जोरात चोळा आणि हळू फुंका, तुसं उडून जातात आणि खाली बारीक तपकिरी चकचकीत दाणे उरतात. जेवढे दाणे उरले तेवढंच बी तुम्ही विकत घेतलंय. दुकानातच करून बघा, लाजू नका. पाकिटावर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर आणि तपासणीची तारीख बघा, आमच्या पाकिटावर तारखेच्या जागी शाई पुसलेली होती, मालकांनी ते पाकीट बदलून दिलं हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, पण दुसऱ्यातही फार फरक नव्हता, म्हणजे दोष त्या कंपनीचा. अगदी या हंगामातलं ताजं बी पण चालत नाही, बऱ्याच गवतांच्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते, आधीच्या हिवाळ्यातलं कोरड्या जागी ठेवलेलं असेल तर जूनमध्ये छान उगवतं.

मारवेलचं खरं सांगायचं तर बी घेऊच नका, मुळासकट ठोंबं लावा, ती पटकन धरतात. उरुळी कांचनला बाएफ या संस्थेचं केंद्र आहे, तिथे चारापिकांवर कित्येक वर्षं काम चाललंय, चौकशी तिकडे करा. आणि शेडा, पवना, डोंगरी, कुसळी ही आपली माळाची गवतं दुकानात मागितली तर मिळत नाहीत, त्यांचं नाव ऐकून कामगार पोरं नुसती बघत राहतात. ती आम्ही कशी आणली तर दिवाळीच्या सुमारास बांधावरच्या, रस्त्याकडेच्या गवताची पिकलेली कणसं ओरबाडून पोत्यात भरून ठेवली, अभयारण्यातून नाही, आपल्याच शिवारातून. कुसळीचं कुसळ पायात आणि कपड्यात घुसतं, शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाला पण लागतं, ती जरा कमीच घ्या.

पेरणी रोहिणी सरून मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर. बी बारीक, वाऱ्याने उडतं, म्हणून ओलसर माती आणि चाळलेल्या शेणखतात मिसळून फेकलं, वरून बोराटीची फांदी ओढली, बस. खोल गेलं तर उगवत नाही, नखभर माती पुरे. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो पण लहरी, जुलैत मोठी उघडीप पडली तेव्हा वाटलं सगळं गेलं, वरचं जरा करपलं पण, मग ऑगस्टच्या पावसाने फुटवे आले. पहिल्या वर्षी शेळ्या आत सोडल्या नाहीत. वहिनी विळ्याने कापून आणायची, ते पण बी पडून गेल्यावर. या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे, पहिल्या वर्षी चरायला सोडलं तर पुढच्या वर्षी गवत विसरा.

चिंकारा आला का? आला. आधी पण येत होता, ते पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल गवत टाकलं आणि हरणं धावत आली. फरक एवढा की आधी तो आमच्या हरभऱ्याकडे जाताना तुकड्यातून नुसता जायचा, आता तिथे थांबतो, चरतो, पहाटे बसलेल्या जागी गवत दबलेलं असतं आणि बाजूला लेंड्या. हरभऱ्याचे शेंडे खाल्लेच, ते पूर्ण थांबलं नाही. नुकसान जास्त असेल तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, तलाठी आणि कृषी सहायकाच्या पंचनाम्यासह, पण फोटो ताबडतोब काढून ठेवा.

ज्यांच्याकडे जमीन नाही आणि फक्त बघायचीय त्यांनी विटा-बिटांच्या नादाला न लागता सरळ मयूरेश्वरला जा, सासवड-जेजुरी-मोरगावमार्गे किंवा चौफुल्यावरून. अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे गर्दी आणि गोंगाट करू नका. नाहीतर वन विभागाची कडबनवाडी आणि शिरसुफळची गवताळ सफारी आहे, नशीब असेल तर लांडगा पण दिसतो.

स्टार देतो. शेळ्यांची खनिज वीट पाच पैकी साडेचार, अर्धा कापला कारण भोक वाकडं होतं आणि सुतळीने वीट तिथून तडकली. स्टायलो पाच. मारवेलचं बी दीड. माती तपासणी साडेचार. दुकान चार, आणि त्या कामगाराने हरणांचं नाव काढणं बंद केलं तर पुढच्या खेपेला पाच देईन. उन्हाळ्यात जाणार असाल तर बी आणि विटा मेच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्या आणि मातीचा नमुना त्याच्याही आधी देऊन टाका, वळीव झाला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग लागतो.